श्वासाच्या जागा

“ताई, पेशंटला बोलतं करा. काय बोलतोय ते महत्त्वाचं नाही. कसं बोलतोय, ते डबी ऐकेल. तुम्ही फक्त बोलतं करा.”

घाणेकर सरांचा आवाज अजून जसाच्या तसा कानात आहे. प्रशिक्षणाचा तिसरा दिवस होता. अकरा गावांच्या आम्ही अकरा जणी बाकांवर बसलो होतो आणि सरांच्या तळहातावर ती डबी होती. कुंकवाच्या करंड्याएवढी, राखाडी, वर तीन बारीक दिवे. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली. पुढे जे झालं त्यात त्या वाक्याचा दोष नाही. मी ते माझ्या सोयीनं वाचलं.

आमचं कुंभेरी धरणाच्या पाण्यापलीकडे आहे. मूळ गाव पाण्याखाली गेलं, उरलेली चाळीस घरं डोंगराच्या अंगानं वर सरकली. रस्ता जंगलातून, तोही पावसाळ्यात बंद. लाँचनं पलीकडे जायला पाऊण तास, तिथून जिल्ह्याच्या गावी दोन तास. माझे थोरले दीर त्या पाऊण तासात गेले. छातीत कळ आली म्हणून त्यांना लाँचमध्ये घातलं होतं. पाण्याच्या मध्यावर आल्यावर लाँचवाल्यानं वेग कमी केला, कारण आता घाई राहिली नव्हती. माझी थोरली जाऊ हौसाक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, “आता परत फिरायचं का पुढं जायचं?”

त्यानंतर सहा वर्षं हौसाक्कानं दूरवैद्य केंद्रासाठी अर्ज केले. चौथी शिकलेली बाई, पण प्रत्येक अर्जावर स्वतः सही करायची, अक्षर न् अक्षर कोरल्यासारखी. शेवटी केंद्र आलं. देवळाशेजारच्या खोलीत भिंतभर पडदा लागला, पडद्यावर डॉक्टर दळवी दिसायला लागल्या, औषधं घेऊन येणारं ड्रोन शाळेच्या गच्चीवर उतरायला लागलं. गावानं त्याचं नाव घार ठेवलं. मी, वत्सला उतेकर, त्या केंद्राची आरोग्यसेविका झाले.

डबीचं शास्त्र सरांनी सोपं करून सांगितलं होतं. हृदय थकलं की रक्त पुढे ढकलायला कमी पडतं आणि मागे फुप्फुसांत पाणी झिरपायला लागतं. पाय सुजतात, धाप लागते, पण ते उशिरा. त्याआधी दहा-बारा दिवस आवाज बदललेला असतो. गळ्यातल्या नाजूक पडद्यांना किंचित सूज येते, आणि माणूस बोलता बोलता मधेच, नको त्या जागी श्वास घ्यायला लागतो. आपल्या कानाला हा फरक लागत नाही, डबीला लागतो. ती एका माणसाची तुलना दुसऱ्याशी करत नाही. पहिले तीस दिवस ती तुमचा आवाज शिकते आणि मग रोज तुमची तुलना तुमच्याशीच करते. आवाज घ्यायचा तो उठल्या उठल्या, चालणं-फिरणं होण्याआधी, कारण रात्रभर आडवं राहिल्यावर छातीतलं पाणी लपत नाही. एक ते वीस आकडे, मग कालच्या दिवसाबद्दल चार वाक्यं मनानं. सगळं आठच्या आत.

हिरवा दिवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे डॉक्टर त्याच दिवशी पडद्यावर बघणार. लाल लागला की पलीकडच्या धक्क्यावरून रुग्णलाँच सुटते, कुणाला विचारत नाही. डॉक्टर दळवींकडे बेचाळीस गावं होती. आधी कुणाला बघायचं हे त्या दिव्यांवर ठरायचं. तसं नसतं तर आमच्यापर्यंत पाळी आलीच नसती.

अडचण आली ती आषाढात.

आमची देवी पाणाई. तिचं जुनं देऊळ पाण्याखाली आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कुंभेरीतल्या वडीलधाऱ्या बायका सकाळी उठल्यावर बोलत नाहीत. अंघोळ करून पाण्याच्या कडेला जायचं, जुन्या देवळाच्या दिशेनं ओंजळभर फुलं सोडायची, मगच बोलायचं. तोवर तोंडात पाणाईची एकवीस नावं. दुसरा शब्द नाही. घरदार बुडालं त्या वर्षापासून हे व्रत चालत आलंय; नावं त्याहून जुनी, साऱ्या खोऱ्यातली. मीही करते.

डबी नेमकी त्याच महिन्यात आवाज शिकणार होती. हृदयाच्या यादीत गावातली सतरा माणसं, त्यात चौदा बायका. नियम असा होता की यादीतल्या दहातल्या आठ जणांचा आवाज रोज पोचला नाही तर केंद्र दुसऱ्या गावाला हलवणार.

पहिल्याच सकाळी मी हौसाक्काकडे गेले. ती चुलीपुढे बसली होती. मी डबी पुढे केली, तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि पाण्याच्या दिशेनं हात दाखवला. मला माहीत होतंच. ती परत येईस्तोवर नऊ वाजणार, आणि एकशेबारा पायऱ्या चढून आलेला श्वास डबीच्या कामाचा नाही.

“आक्का, नावं तर घेताच ना?” मी कुजबुजले. माझंही व्रत होतं; ते वाक्य बोलून मी त्या दिवशी मोडलं. “तीच डबीपुढं घ्या. काय बोलायचं त्याचं काही नाही म्हणालेत सर.”

हौसाक्कानं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. मग डबी पाटावर ठेवली, पदर सावरला, आणि एकवीस नावं घेतली. डबीचा दिवा लुकलुकला. आवाज पोचला.

फुलं सोडून आल्यावर ती माझ्या दारात थांबली. “वच्छे, डबीनं समदी नावं आयकली?”

“ऐकली की.”

“मग तीबी वरताला बसली म्हन.”

आठवडाभरात चौदाही जणी तसंच करायला लागल्या. पारूबाई संकपाळनं तर डबीला कुंकू लावलं. ते नेमकं ऐकायच्या भोकांत गेलं आणि डबी बहिरी झाली. पडद्यावरून डॉक्टर दळवींनी विचारलं, “ताई, हे लाल काय आहे? रक्त?” मी म्हटलं, “नाही मॅडम, मान दिलाय.” त्या पोट धरून हसल्या होत्या.

कार्तिकी झाली, व्रत सुटलं. मी पारूबाईला म्हटलं, आता आकडे म्हणा. तिनं म्हटले. डबीनं पिवळा दिवा दाखवला. डॉक्टरांनी तपासलं, काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत पिवळा. ती वैतागली. “नावं घेतली की हिरवा देती, आकडं म्हनलं की डोळं वटारती. राहू दे बाई, हिला आकडं आवडत न्हाईत.” मी राहू दिलं, चौदाही जणींचं. शिकलेला आवाज नावांचा होता, बदलला म्हणून डबी बिचकली, एवढाच मी त्याचा अर्थ लावला. पुढचा अर्थ लावायला पौष उजाडावा लागला.

पौषातली ती सकाळ. साडेसातला मी हौसाक्काच्या घरी पोचले. तिनं नावं घेतली. हिरवा. मी डबी उचलली तशी ती हसली आणि सांगायला लागली.

“अगं, पारूची सून... काल म्हनं... डबीला... नमस्कार करून... भायेर गेली... परीक्षेला.”

मी डबी परत खाली ठेवली. कालच्या गोष्टीतलं एक वाक्य, आणि त्यात पाच थांबे. हे गेल्या किती दिवसांपासून होतं? रोज आवाज घेतल्यावर मी लगेच पुढच्या घरी जायची. आठच्या आत चौदा घरं करायची असायची.

भिंतीपाशी दोन गोधड्या घड्या करून रचल्या होत्या, त्यांना उशी टेकवलेली.

“हे काय, आक्का?”

“पाठ धरती. टेकून बरं पडतं.”

“आडव्या झालात तर?”

“दम कोंडतो... जरा.” तिनं तोंड फिरवलं. “डबी हिरवी हाय न्हवं? मग कशाला... खोदतीस?”

मी खाली बसले आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. भरून यायला बराच वेळ लागला. वजनाच्या काट्यावर उभं केलं तर अडीच किलो वाढलेली, आणि गालफडं तर बसलेली.

त्या दिवशी दुपारी मी पाण्यावर गेले. माझाही आवाज डबीनं शिकलेला होता. बायकांना दाखवायला म्हणून मी आषाढात त्यांच्यासोबत नावं घेतली होती. भरलेली कळशी काखेत घेऊन एकशेबारा पायऱ्या मी न थांबता चढले. वर आले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. शेजारची कुणीतरी विचारत होती, काय झालं, आणि मला “काही नाही” एवढंही धड म्हणता येईना. मी डबी काढली आणि नावं घेतली.

हिरवा.

एकवीस नावांना श्वासाच्या जागा ठरलेल्या आहेत. तीन नावं, श्वास. तीन नावं, श्वास. सात वेळा. आईच्या कडेवर असल्यापासून कानात तोच ताल. कितीही धाप लागलेली असो, जीभ त्याच जागी थांबते आणि छाती त्या मापात स्वतःला बसवून घेते. म्हणून तर जप केला की जीव शांत होतो. डबी शोधत होती नको त्या जागी घेतलेला श्वास. आम्ही तिला अशी गोष्ट शिकवली होती, जिच्यात नको ती जागाच नव्हती.

मी केंद्रात जाऊन डॉक्टरांना बोलावलं. पडद्यावर त्यांचा चेहरा आला, मागे कुणाचे तरी आलेख सरकत होते.

“बोला वत्सलाताई.”

“मॅडम, हौसाबाई उतेकरांना धाप वाटतीय. पायाला सूज आहे, वजन वाढलंय.”

“ऑक्सिजन?”

“चौऱ्याण्णव.”

“रक्तदाबाची गोळी चालू आहे ना, तिनंही पाय सुजतात. थांबा, आवाज बघते.” त्यांची नजर बाजूला गेली. “सहा महिने सपाट हिरवा. खरं सांगू, बेचाळीस गावांत इतका स्वच्छ आलेख दुसऱ्या कुणाचा नाही. आवाज नियमानंच घेताय ना? आकडे, मग मोकळं बोलणं?”

खोलीत यंत्राच्या पंख्याचा आवाज येत होता. भिंतीवर कागद लावलेला होता: केंद्राची पहिली पाहणी, तारीख नऊ दिवसांनंतरची. चौदा जणींचे आवाज रद्द झाले की सतरातले तीन उरणार. मग केंद्र जाणार. मग परत ती लाँच आणि तो पाऊण तास, सगळ्यांसाठी.

“हो मॅडम,” मी म्हटलं. “नियमानंच.”

“मग घाबरू नका. मीठ कमी करा, पाणी मोजून द्या. मी दहा दिवसांनी बघते.”

नऊ दिवस. मी स्वतःला सांगितलं, पाहणी झाली की दुसऱ्या मिनिटाला खरं बोलायचं. तोवर मी हिला जपेन. सकाळ-संध्याकाळ जाऊन मी तिची धाप मोजायची, तिच्या भाकरीतलं मीठ काढायची, उशीखाली तिसरी गोधडी घालायची. ती म्हणायची, “सासू असल्यागत... मागं लागलीस.” मी हसायची. रोज तिन्हीसांजेला मी देवीपुढं दिवा लावते. त्या नऊ दिवसांतही लावला, पण समोर बसले नाही. वात पेटली की उठायची.

डबी रोज हिरवी. मी रोज ती तिच्यापुढं धरली, हेही सांगायला हवं.

पाहणीच्या दिवशी दोन अधिकारी आले, एक बाई आणि एक गृहस्थ. त्यांची लाँच धक्क्याला लागली तेव्हा अकरा वाजले होते. केंद्राच्या खोलीत सगळं गाव दाटीवाटीनं बसलं होतं. पडद्याच्या एका कोपऱ्यात डॉक्टर दळवी होत्या. हौसाक्काला मी येऊ नका म्हटलं होतं, तरी ती दोघींच्या आधारानं आली आणि पुढच्या सतरंजीवर बसली. नवी साडी नेसली होती. ओठ निळसर दिसत होते. कुणी विचारलं तर म्हणाली, गारठा आहे.

गृहस्थांनी पडद्यावर तिचाच आलेख लावला. हिरवी, सरळ रेघ. “ह्या आजी आल्यात का? अरे वा. आजी, तुमचं हृदय अजून तिशीतलं आहे बरं का.”

सगळे हसले. पारूबाई म्हणाली, “मग दुसरा नवरा बघा तिला.” हशा वाढला. हौसाक्काही हसली आणि खोकली.

“आजी, केंद्राबद्दल दोन शब्द सांगा,” अधिकारी बाई म्हणाल्या.

हौसाक्का उठली. भिंतीला हात लावून उभी राहिली.

“माझं मालक...” ती म्हणाली. “लाँचमंदी...” तिनं श्वास ओढला. “मांडीवर... मधी... पान्याच्या...”

अधिकारी बाईंनी मान खाली घातली. गृहस्थांनी चष्मा काढला. त्यांना वाटलं, तिला गहिवरून आलंय. मागे कुणीतरी डोळे पुसले. हौसाक्का पुढचं वाक्य शोधत होती आणि ते सापडत होतं, पण त्याला लागणारी हवा तिच्यापाशी नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मदत मागायला नाही. नवरा कसा गेला ते मला माहीत होतं, उरलेलं मी सांगावं म्हणून.

मी उभी राहिले.

“साहेब, हा गहिवर नाही. धाप आहे. फुप्फुसात पाणी आहे त्यांच्या. तो आलेख खोटा आहे.” माझा आवाज फार लहान आला असावा, कारण गृहस्थांनी कानामागे हात धरला. मी परत म्हटलं. “डबीला आम्ही आकडे शिकवले नाहीत, जप शिकवलाय. चौदा जणींचा. तो हिरवाच राहतो. मी शिकवलाय. आणि नऊ दिवसांपूर्वी मला कळलं होतं.”

डॉक्टर दळवी पडद्यात पुढे झुकल्या. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. “खाली बसवा त्यांना. आडवं करू नका, पाय खाली सोडू द्या. ऑक्सिजनची क्लिप लावा.”

ब्याऐंशी.

पाहुण्यांची लाँच धक्क्याला होतीच, तीच निघाली. पाऊण तास मी हौसाक्काला पाठीमागून धरून बसले. तिनं डोळे मिटले होते. तिच्या बरगड्या माझ्या हातांखाली भराभर वरखाली होत होत्या, आणि त्यात कुठलाही ताल नव्हता. पाण्याच्या मध्यावर लाँचवाल्यानं एकदा मागे वळून पाहिलं. वेग कमी केला नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर दळवी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटल्या. सहा महिने त्यांचा चेहरा रोज पाहत होते, पण त्या काठी घेऊन चालतात हे मला तेव्हा कळलं. पडद्यावर माणूस छातीपर्यंतच असतो.

“वाचल्या,” त्या म्हणाल्या. “पण हृदयाचा जो भाग गेला तो गेला. आता दवाखान्याजवळच राहावं लागेल. मुलगा इथंच असतो ना त्यांचा?”

“कुंभेरीला नाही यायचं?”

“नाही.” मग त्या म्हणाल्या, “नऊ दिवस आधी...” आणि ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. खिडकीतून खाली वाहनतळ दिसत होता. “मीसुद्धा विचारायला हवं होतं, ताई. ऐंशीला टेकलेल्या बाईची रेघ इतकी सरळ कशी? मला ती आवडली होती. वरिष्ठांना दाखवत होते मी.”

“चौकशी होईल तुमची. केंद्राचं काय ते महिन्याभरात ठरेल. मी माझं मत लिहीन, पण वचन देत नाही. बाकीच्या तेरा जणींचे आवाज आजपासून रद्द. नव्यानं शिकवायला तीस दिवस. तोवर हातानं तपासायचं, वजन, पाय, धाप. आणि हे त्यांना सांगायला हवं. हिरव्या दिव्यावर कुणीही विसंबायचं नाही म्हणून. मी पडद्यावरून सांगू का सगळ्यांना एकत्र?”

“आक्काशी बोलून सांगते,” मी म्हटलं.

हौसाक्का उशांना टेकून बसली होती. नाकात नळी, ओठांचा रंग परत आलेला. दुपारचं ऊन पायांवर पडलं होतं आणि ते पाय आता बारीक दिसत होते. मी स्टूल ओढून बसले.

“तुला कधी कळलं हुतं?” तिनं विचारलं. आता तिला पूर्ण वाक्य एका दमात येत होतं.

“पाहणीच्या नऊ दिवस आधी.”

“केंद्रापायी गप बसलीस?”

“हो.”

तिनं खिडकीकडे मान वळवली. शेजारच्या खाटेवरच्या बाईची नात मोसंबी सोलत होती.

“मला इचारलं असतंस तर मी काय म्हनले असते, ठावं हाय?”

“नाही.”

“म्हनले असते, गप बस. नऊ दिस मी काढीन.” ती माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते. “म्हनून तर इचारायचं हुतं गं. माझा जीव हुता. मी दिला असता केंद्राला, राजीखुशीनं. तू न इचारता घेतलास.”

मला तिचे पाय धरायचे होते. तिनं ते किंचित आत ओढले, म्हणून मी हात मांडीवरच ठेवले.

“रागवा, आक्का.”

“रागावलेच हाय. रागाचं काय, त्यो ऱ्हाईल काही दिस, जाईल.” ती दमली, थोडी थांबली. “त्या तेराजणी अजून हिरव्या दिव्याकडं बघून भाकऱ्या थापत्यात. त्यांचा जीव त्यांचा हाय. त्यांना सांग.”

“डॉक्टर पडद्यावरून सांगते म्हणाल्या.”

“पडद्यावरनं न्हाई. सगळ्यांच्यात बसून तर मुळीच न्हाई. दारात जाऊन एकेकीला. काय चुकलं, कुनाचं चुकलं, आनि तू कवापासून जानत हुतीस, समदं.”

“सांगते.”

“शिव्या खाशील.”

“खाईन.”

“पारू तर चपलीनं मारंल.”

“मारू दे.”

“मारल्यावर बी तिचं पाय दाबून बघ. फुगत्यात तिचं. लपवती ती.” मग तिनं डोळे मिटले. मी गेले असं समजून असेल किंवा नसेल, पण हळूच म्हणाली, “वच्छे, माझी तुळस तुझ्या दारात नेऊन ठेव.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचनं मी परतले. सोबत दवाखान्यानं दिलेला नवा वजनकाटा होता, क्लिप होती, आणि तेरा नावांची डॉक्टरांच्या सहीची यादी. धक्क्यावर दोघी-तिघी धुणं धूत होत्या. “हौसाक्का कशी हाय?” त्यांनी विचारलं. बरी आहे, म्हटलं. येणार कधी, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “सांगते. घरी येऊन सांगते.” त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि मग परत धुण्याला लागल्या.

पायऱ्या चढून वर आले. केंद्राच्या दाराला कुलूप होतं. माझं घर डावीकडे, चुलीचा धूर दिसत होता. यादीतलं सगळ्यात जवळचं घर केंद्रासमोरचं, गरीब स्वभावाच्या विमलमावशीचं. पारूबाईचं घर वरच्या आळीला, शेवटचं. तिथं कुत्रं मोकळं असतं आणि तिचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जातो.

मी पदर खोचला, वजनकाटा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला आणि वरच्या आळीची वाट धरली.